आमंत्रण आहे, येताना १७५ डॉलर आणा

गेल्या शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन लेकीचा मेलबॉक्स साफ करायला बसलो. (तिच्या परवानगीने. उगाच गैरसमज नको.) नववीपासून आता अकरावीपर्यंत कॉलेजांच्या सॉफ्टबॉल संघांकडून तिला आलेले मेल एका फोल्डरमध्ये गोळा केले आणि जुन्या सवयीने मोजले. २१४ निघाले. त्यातले तिचा खेळ खरोखर बघून कुणीतरी हाताने टाइप केलेले किती? तीन. बाकीच्या २११ मेलांचा मजकूर थोड्याफार फरकाने एकच: आमच्या प्रॉस्पेक्ट कॅम्पला ये, जागा मोजक्या आहेत, नोंदणीची लिंक खाली.

त्या २११ पैकी चार मेलांना मी फसलो. ऑफिसात नवीन आलेल्या पोरांना फिशिंगच्या मेलांवर लेक्चर देणारा मी, ‘यू आर इन्व्हायटेड’ एवढं वाचून क्रेडिट कार्ड काढून बसलो. त्यामुळे आजचा लेख जरा तिखट होणार आहे. ज्यांची मुलं अजून रांगतायत त्यांनीही वाचा. तुमच्या वाट्याला सॉफ्टबॉल येईलच असं नाही, पण असा मेल कधीतरी नक्की येणार आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना तयारीला वेळ मिळेल. ज्या कोचला तुमच्या मुलीचं नाव आणि खेळ आधीपासून माहीत नाही, त्या कोचच्या कॅम्पला भरतीच्या आशेने जाऊ नका. ओळख आधी, कॅम्प नंतर. कॅम्पमध्ये ओळख होईल म्हणून कॅम्पला जाणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाचं कूपन विकत घेऊन आपण वऱ्हाडी झालो असं समजणं.

पुण्या-मुंबईत बसून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. सॉफ्टबॉल आपल्याकडे महाराष्ट्रातही शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांत खेळतात, पण इकडे अमेरिकेत मुलींसाठी तो फार मोठा खेळ आहे. बेसबॉलचाच भाऊबंद, चेंडू मोठा, मैदान लहान, आणि पिचर हात खालून फिरवत ४३ फुटांवरून चेंडू फेकते. १९७२ साली ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं तो सांगतो. त्यानंतर कॉलेजांमध्ये मुलींचे संघ वाढत गेले. आज हायस्कूलमध्ये सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून जास्त आहेत. आणि एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या तिन्ही डिव्हिजन मिळून कॉलेजच्या संघांत असलेल्या मुली साधारण वीस हजार. गाळणीची भोकं किती बारीक आहेत ते आलं ना लक्षात?

या गाळणीतून आपली पोरगी पलीकडे जावी म्हणून आईबाप काय काय करतात ते बघण्यासारखं आहे. आधी ‘ट्रॅव्हल बॉल’, म्हणजे खासगी क्लबाकडून दर वीकांताला दोनशे-तीनशे मैल गाडी हाकत स्पर्धा खेळायच्या. मग बॅटिंगचा वेगळा कोच, पिचिंगचा वेगळा, आणि हल्ली ताकद वाढवणारा तिसराच. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे प्रॉस्पेक्ट कॅम्प. कॉलेजच्या मैदानावर, कॉलेजच्या कोचसमोर, एक दिवस किंवा दोन दिवस. फी भरायची, पाठीवर नंबर चिकटवायचा, धावायचं, झेलायचं, फेकायचं, फटके मारायचे आणि संध्याकाळी टी-शर्ट घेऊन घरी यायचं. कोच बघणार, आवडली तर घेणार. निदान आपल्याला वाटतं असं.

आता माझा पहिला मुद्दा. यात मत वगैरे काही नाही, नुसते नियम आहेत. मी ते पैसे भरण्याआधी वाचायला हवे होते, वाचले नंतर. (मॅन्युअल शेवटी वाचायचं ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. :) )

नियम एक. डिव्हिजन वनच्या सॉफ्टबॉल कोचला मुलगी अकरावीत गेल्यावर १ सप्टेंबर उजाडेपर्यंत तिच्याशी भरतीबद्दल बोलता येत नाही, लिहिता येत नाही. हा नियम २०१८ मध्ये आला. त्याआधी सातवी-आठवीतल्या पोरी कॉलेजांना तोंडी शब्द देऊन बसत, तो वेडेपणा थांबावा म्हणून. कॅम्पमध्येही तेच: त्या तारखेआधी कोच ग्राउंडर कसा घ्यायचा ते शिकवू शकतो, ‘आम्हाला तू हवी आहेस’ असं म्हणू शकत नाही. मग त्या तारखेआधी कोच काय पाठवू शकतो? माहिती भरायचा फॉर्म आणि कॅम्पचं पत्रक. हे भरतीचं साहित्य धरलं जात नाही, म्हणून ते कुणालाही कधीही पाठवता येतं.

नियम दोन. कॉलेजचा कॅम्प सगळ्यांना खुला असावा लागतो. एकूण संख्या, वय, इयत्ता आणि मुलगा की मुलगी एवढ्याच अटी घालता येतात. कुठल्याही कॅम्पच्या पानावर अगदी खाली जा, बारीक अक्षरात ही ओळ सापडेल. वर मोठ्या अक्षरात ‘निवडक खेळाडूंसाठी’ छापलेलं असतं त्याच पानावर.

आता दोन्ही नियम शेजारी ठेवा. नववीतल्या मुलीला डिव्हिजन वन कॉलेजचा मेल आला. तो मेल भरतीचा असेल तर नियमभंग आहे. नियमभंग नसेल तर तो भरतीचा मेल नाही. आणि कॅम्प सगळ्यांना खुला आहे, म्हणजे ‘आमंत्रण’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही. सिनेमा थिएटरबाहेरच्या पोस्टरवर ‘अवश्य पाहा’ लिहिलेलं असतं, तेवढंच हे आमंत्रण. झाली सिद्धता. आणि यात कुणाच्या हेतूवर शंकाही घ्यावी लागली नाही.

डिव्हिजन टूला संपर्काची तारीख थोडी अलीकडे आहे, अकरावी सुरू होण्याआधीची १५ जून. डिव्हिजन थ्रीचे कोच केव्हाही लिहू शकतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता आमच्या पहिल्या कॅम्पची गोष्ट. कॉलेजचं नाव सांगत नाही. एकतर सांगून उपयोग नाही, आणि दुसरं म्हणजे असं करणारं ते एकटंच नाही. लेक नववीत. मेल आला तेव्हा ती जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत आली होती. “बाबा, त्यांनी मला बोलावलंय!” टीव्हीवर ज्या संघाच्या मॅचेस ती बघायची, तोच संघ. बायको म्हणाली, “सगळ्यांनाच पाठवत असतील रे.” मी म्हणालो, “पाठवू देत, बघायला काय जातं?” (१७५ डॉलर जातात. अधिक हॉटेल.)

तिथे गेलो तर ११८ मुली. मोजल्या, कारण पाच तास स्टँडमध्ये बसून दुसरं करणार काय? लेक शॉर्टस्टॉप खेळते. शॉर्टस्टॉपच्या रांगेत ३१ जणी. प्रत्येकीला ८ ग्राउंडर मिळाले. त्यातले निम्मे ग्राउंडर मारणारी त्या कॉलेजची सेकंड इयरची खेळाडू होती, आणि मुख्य कोच तेव्हा पलीकडे पिचर्स बघत होत्या. मग १५ फटके. मग होमपासून पहिल्या बेसपर्यंत दोनदा पळणं. झाले सगळे मिळून २५ प्रसंग. १७५ भागिले २५, म्हणजे ७ डॉलरला एक ग्राउंडर. एवढ्यात आमच्या गावात बरी मिसळ आणि वर ताक आलं असतं. आणि कोणी म्हणेल तुम्ही पैशाचं काय घेऊन बसलात, तर आकडेशास्त्रातही ते बसत नाही. आठ ग्राउंडरवरून शॉर्टस्टॉप कळत असती तर कोचना जुलैच्या उन्हात चार-चार दिवस स्पर्धा बघत बसावं लागलं नसतं.

दिवसभर तिला जी एक शाबासकी मिळाली ती अशी: “गुड जॉब, सेव्हन्टी-फोर!” पाठीवर ७४ नंबर होता.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मेल आला. नावानिशी. तुला आमच्या मैदानावर खेळताना बघून फार आनंद झाला, तुझी मेहनत नजरेत भरली, पुढचा कॅम्प अमुक तारखेला आहे. लेक हरखली. त्या वीकांताला स्पर्धेला जाताना गाडीत मागच्या सीटवर ती आणि तिची एक मैत्रीण. दोघींनी फोन शेजारी-शेजारी धरले. मैत्रिणीलाही तोच मेल आला होता, अक्षर न् अक्षर तोच, फक्त नाव वेगळं. आता मैत्रिणीनेही फी भरली होती हे खरं, पण कॅम्पच्या दिवशी ती तापाने घरी झोपून होती! ती कॅम्पला गेलीच नव्हती.

दोघी खूप हसल्या. मीही हसलो. मैत्रिणीला तिच्या बाबांच्या गाडीत सोडल्यावर बराच वेळ लेक काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, मग पहिला मेल पण असाच होता का?”

मला उत्तर माहीत होतं. मी दिवसभर हेच काम करतो. यादी कशी असते, नावाच्या जागी नाव कसं भरतात, रात्री दोन वाजता पन्नास हजार मेल कसे सुटतात, सगळं माहीत आहे. आणि मी म्हणालो, “नाही गं, तो तसा नसणार.”

या लेखातली खरी चूक ही आहे, १७५ डॉलरची नाही. कारण ते वाक्य खरं करून दाखवण्यासाठी मी पुढे तीन कॅम्प केले. १५० डॉलरचा, २२५ डॉलरचा, १४० डॉलरचा. चारही कॅम्पांची फी ६९०, हॉटेल ४२०, पेट्रोल आणि खाणं ३८०, एका कॅम्पला विमानाने गेलो ते ४५०. एकूण १९४० डॉलर. तिच्या बॅटिंगच्या कोचचा अर्धा तास ६० डॉलरला आहे. म्हणजे ३२ तास-अर्धे गेले आणि बदल्यात आले चार टी-शर्ट. त्यातला एक मापाने मोठा.

पण पैशापेक्षा वाईट झालं ते वेगळंच. प्रत्येक कॅम्पनंतर ती थोडी गप्प व्हायची. तिच्या हिशोबाने ती परीक्षेला बसत होती आणि नापास होत होती. प्रत्यक्षात परीक्षा झालीच नव्हती! पेपर कुणी तपासणारच नव्हतं. पंधरा वर्षांच्या पोरीला हे कळत नाही. ती ‘मी कमी पडले’ एवढंच शिकते. कॅम्पच्या धंद्याबद्दल माझा राग आहे तो इथे.

आता दुसरी बाजू. आणि ती नीट मांडतो, कारण आमच्या ट्रॅव्हल टीमच्या पालकांशी हे वाद घालून झाले आहेत.

“पण कोच तरी काय करणार? त्यांनाही पोट आहे.” अगदी खरं. अनेक ठिकाणी कॅम्प कॉलेजचा नसतोच, कोचने काढलेल्या खासगी कंपनीचा असतो; पावतीवरचं नाव वाचा. डिव्हिजन वनच्या संघांत २०२३ च्या जुलैपर्यंत ‘व्हॉलंटियर’ कोच नावाचं एक पद होतं. त्या माणसाला खात्याकडून पगार देता येत नसे, पण कॅम्पचे पैसे घेता येत. म्हणजे पूर्ण वेळ राबणाऱ्या माणसाचं घर आमच्यासारख्यांच्या भोळ्या आशेवर चालत होतं. मला त्या माणसाबद्दल सहानुभूतीच आहे. पण मग सरळ सांगा ना, की हा शिकवणीचा कॅम्प आहे आणि यातून आमच्या सहाय्यकांचं मानधन निघतं. मी तरीही कदाचित पाठवीन. शिकवणीला शिकवणी म्हणून विकलं तर माझी तक्रारच नाही. शिकवणी विकताना वर भरतीचं लेबल लावलं, तर आहे.

“पण स्कॉलरशिप मिळाली तर सगळं वसूल!” हा आपल्या देशी पालकांचा आवडता मुद्दा. घ्या हिशोब. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या एका संघाला जास्तीत जास्त १२ पूर्ण स्कॉलरशिप वाटता येत, आणि त्या वीस-बावीस जणींत तुकडे करून वाटल्या जात. डिव्हिजन टूला ७.२. डिव्हिजन थ्रीला शून्य. आयव्ही लीगलाही खेळासाठी शून्य. २०२५ च्या जून महिन्यात कोर्टाने ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. तेव्हापासून तिच्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा नाही, त्याऐवजी सॉफ्टबॉलच्या संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. पण वाटायची परवानगी मिळाली म्हणजे वाटायला पैसे आले असं नाही. शिवाय २५ ला चार वर्षांनी भागा, वर्षाला सहा जागा. त्या सहांतल्या काही आता दुसऱ्या कॉलेजातून बदली होऊन येणाऱ्या तयार खेळाडूंना जातात. २०२४ मध्ये नायजारी कॅनडी ही पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली, दहा लाख डॉलरहून मोठ्या करारावर, आणि २०२५ मध्ये तो संघ विमेन्स कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या अंतिम फेरीत पोचला. हे बघितल्यावर दुसरे कोच काय शिकले असतील? बदलीच्या बाजारात बघा, नववीतल्या रांगेत नंतर बघू. आता उरलेल्या जागांत शॉर्टस्टॉपची एखादीच, तीही दर वर्षी असेलच असं नाही. आणि मैदानावर ३१ जणी ग्राउंडर घेतायत.

“पण कॅम्पशिवाय कोच बघणार कसे?” हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याचं उत्तर प्रत्यक्ष प्रयोगाने मिळालेलं आहे. कोविडच्या काळात, २०२० च्या मार्चपासून २०२१ च्या मे अखेरपर्यंत, डिव्हिजन वनमध्ये प्रत्यक्ष भेटून भरती करायला पूर्ण बंदी होती. कोच स्पर्धेला जाऊ शकत नव्हते, मुली कॉलेजात जाऊन कोचला भेटू शकत नव्हत्या. जवळजवळ पंधरा महिने. मग काय, संघ रिकामे राहिले? नाही. कोचनी व्हिडिओ बघितले, ट्रॅव्हल टीमच्या कोचना फोन केले, मुलींशी स्क्रीनवर बोलले आणि जागा भरल्या. प्रॉडक्शनमधली एखादी सर्व्हिस पंधरा महिने बंद ठेवली आणि सिस्टिम चालत राहिली, तर त्या सर्व्हिसला आम्ही ‘अत्यावश्यक’ म्हणत नाही.

“पण मुलीला मजा येते, मोठं मैदान बघायला मिळतं.” हे मात्र शंभर टक्के मान्य. मग सहल म्हणून जा. सहलीच्या बजेटमधून जा. येताना कॉलेजचं कॅन्टीन बघा, लायब्ररी बघा, आइस्क्रीम खा. फक्त गाडीत बसताना पोरीला सांगा की आज परीक्षा नाही. एवढं एक वाक्य.

आणि एक पालक असंही म्हणाले, “ज्यांची ट्रॅव्हल टीम मोठ्या स्पर्धांना जात नाही, त्या मुलींना कॅम्प हीच एक खिडकी आहे.” या मुद्द्यावर मी अडलो. कारण यात तथ्य आहे. मोठ्या क्लबांची वार्षिक फी परवडत नाही अशी घरं आहेतच. पण मग गंमत बघा: भरतीयोग्य मुलीला कॅम्पला फुकट किंवा खास सवलतीत घ्यायलाही नियमाने बंदी आहे. लाच म्हणून सवलत दिली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. परिणाम असा, की ज्या मुलीसाठी ही खिडकी हवी तिलाच तिकीट पूर्ण काढावं लागतं. तिच्यासाठी तर ‘आधी ओळख’ हा नियम आणखी महत्त्वाचा. तिच्याकडे चार कॅम्पांचे पैसे नाहीत. तिला एकच कॅम्प निवडायचाय आणि तो चुकून चालणार नाही.

आता पाचव्या कॅम्पची गोष्ट, म्हणजे मी नुसताच करवादणारा नाही हे कळेल. त्या तीन खऱ्या मेलांतला एक डिव्हिजन थ्रीच्या एका छोट्या कॉलेजातून आला. कोचनी उन्हाळ्यातल्या स्पर्धेत लेकीच्या दोन मॅचेस बघितल्या होत्या. मेलमध्ये लिहिलं होतं की डावीकडे जाणाऱ्या चेंडूवर तुझं पहिलं पाऊल उशिरा पडतं, पण पडल्यावर हात फार चांगले आहेत. तुझ्या वर्षाला आमची शॉर्टस्टॉप पदवी घेऊन बाहेर पडतेय. आमच्या कॅम्पला आलीस तर त्या पावलावर काम करू. लेकीने हा मेल दोनदा वाचला आणि म्हणाली, “बाबा, हे खरंय. माझं पाऊल उशिराच पडतं.” शाबासकीपेक्षा चूक दाखवणाऱ्या मेलवर तिचा जास्त विश्वास बसला!

फी १२० डॉलर. २२ मुली. कोचनी गेटवरच नावाने हाक मारली. दुपारी अर्धा तास फक्त त्या पावलावर घालवला. स्कॉलरशिप नाही, मिळणारही नाही. अभ्यासावर जी काही मदत मिळेल ती. पुढे काय होईल माहीत नाही. पण परतीच्या वाटेवर ती गप्प नव्हती. रेस्ट एरियात उतरून तिने मला पार्किंगमध्येच ते पाऊल करून दाखवलं.

तर या सगळ्यातून मी स्वतःसाठी चार प्रश्न तयार केलेत. चारही उत्तरं ‘हो’ आली तरच कार्ड बाहेर काढायचं.

एक: कोचने तुमच्या मुलीच्या खेळाबद्दल असं काही लिहिलं किंवा सांगितलंय का, जे दुसऱ्या मुलीच्या मेलमध्ये चिकटवता येणार नाही? अकरावीच्या १ सप्टेंबरआधी डिव्हिजन वनचा कोच तुम्हाला थेट सांगू शकत नाही, पण मुलीच्या ट्रॅव्हल टीमच्या कोचशी बोलू शकतो. तिथून विचारा.

दोन: तिच्या वर्षाला, तिच्या जागेवर, त्या संघात पोकळी आहे का? संघाची यादी कॉलेजच्या साइटवर सगळ्यांना दिसते. कोण शॉर्टस्टॉप आहे, कुठल्या वर्षाला आहे, दहा मिनिटांचं काम. मी ते चार कॅम्पांनंतर केलं आणि त्यातल्या दोन ठिकाणी नुकत्याच आलेल्या फर्स्ट इयरच्या शॉर्टस्टॉप निघाल्या. म्हणजे ती जागा बराच काळ भरलेली.

तीन: सॉफ्टबॉल नसता तरी ती त्या कॉलेजात गेली असती का? गुडघा एका दुपारी जातो. डिग्री राहते.

चार: हे पैसे परत येणार नाहीत असं धरूनही ते तुम्हाला जड नाहीत ना?

एकही उत्तर ‘नाही’ असेल तर घरी राहा आणि तो शनिवार असा घालवा. मोबाइलवर सेकंदाला ६० फ्रेमने तिचा व्हिडिओ काढा: दहा ग्राउंडर, दहा फटके, एकदा होम ते पहिला बेस. ६० फुटांचं ते अंतर किती फ्रेममध्ये कापलं ते मोजा, वेळ निघेल, फी लागणार नाही. मग तिला स्वतःला दहा कॉलेजांना मेल लिहू द्या. तिने, तुम्ही नाही. प्रत्येक मेलमध्ये त्या कॉलेजबद्दल एक तरी गोष्ट अशी असू दे जी दुसऱ्या कॉलेजला लागू होणार नाही. त्यांनी आपल्याला छापील मेल पाठवले म्हणून आपणही छापील पाठवायचे असं नाही. आणि कॅम्पला जायचंच असेल तर फी भरण्याआधी दोन ओळींचा मेल टाका: गेल्या कॅम्पला किती मुली होत्या, आणि सध्याच्या संघातल्या किती जणी तुम्ही पहिल्यांदा कॅम्पमध्ये बघितल्या? मी हा प्रश्न सहा ठिकाणी विचारला. एका ठिकाणाहून आकडा आला. चार ठिकाणांहून काही नाही. आणि एका ठिकाणाहून पुढच्या कॅम्पचं पत्रक आलं. :)

आपण तर यातले जुने खेळाडू आहोत हो. दहावीच्या सुट्टीत क्लासवाल्यांच्या ‘निवड चाचणी’ला आम्हीही बसलो होतो. सगळ्या गल्लीची निवड झाली होती! पेढेही वाटले होते. तेव्हा आमच्या आईवडिलांना कळायला मार्ग नव्हता. आम्हाला आहे. नियम लिहिलेले आहेत, संघांच्या याद्या उघड्या आहेत, भागाकार येतो. मग तरीही कार्ड का निघतं? कारण जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत येणाऱ्या पोरीला ‘हा सगळ्यांना येतो गं’ असं सांगायला जीभ रेटत नाही. माझी नाही रेटली.

असो. शनिवारी तो फोल्डर साफ करताना लेक शेजारी येऊन बसली. मी तिला तो पहिला मेल उघडून दाखवला आणि म्हणालो, “तेव्हा तू विचारलं होतंस ना, हा पण तसाच होता. मला माहीत होतं.” ती म्हणाली, “मला पण माहीत होतं, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.” आणि तिनेच २११ मेल सिलेक्ट करून डिलीटचं बटण दाबलं.

चला, उद्या सकाळी सातला तिची मॅच आहे. खुर्च्या गाडीत टाकायच्यात. पुढच्या वीकांताला भेटूच.